एस्तेरमावशीला न पटलेला नावाडी

मेलेल्या माणसाला न्यायला येणारा काळा कोट घालून येतो, हे एस्तेरमावशीला शेवटपर्यंत पटलं नाही. "वकील हाय का त्यो?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. आई म्हणाली, "अगं, नावाडी हाय. मेल्याली मानसं नदीपार न्हेतो." मावशीनं चष्मा पदरानं पुसून पुन्हा टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग कोट तरी काढायचा. नावंत बसवताना मानसाला काखंत धरावं लागतं, ते काय कोट घालून हुतंय व्हय?"

ही कोरियन मालिका आमच्या घरात आणली माझ्या भाचीनं. ती पुण्याहून सुट्टीला आली, टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, आजीला रिमोट शिकवला आणि निघून गेली. निस्तरायला मागं राहिले मी. आईचं हृदय तेव्हा थकत चाललं होतं. डॉक्टरांनी जिने, मीठ आणि दगदग बंद केली होती. करमणुकीला तेवढी मनाई नव्हती. श्रीरामपुरातल्या आमच्या आळीत एका भिंतीपलीकडे एस्तेरमावशी राहायची. आईची ती लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण, चर्चमध्ये एकाच बाकावर बसणारी. दुपारी चारला ती दारातून आमचा ख्रिस्ती "सलाम" म्हणत आत यायची, आणि मी शाळेत पोरांना शिकवून, डोकं उठवून आलेली असताना दोघींचा नावाडी सुरू व्हायचा. मला असल्या मालिकांचं प्रेम नाही. दोन माणसं एकमेकांकडे बघत उभी राहतात, बर्फ पडतो आणि अर्धा भाग संपतो. पण घर एवढंसं, जाणार कुठं. चहाचा कप घेऊन मीही तिथंच बसायची.

गोष्ट थोडक्यात अशी. हा नावाडी शेकडो वर्षं मेलेल्यांना नदीपलीकडे पोचवतो आहे. जिवंत माणसांना तो दिसत नाही. दिसतो फक्त एका मुलीला, जी छत्र्या दुरुस्त करते. मागच्या जन्मी तिच्यापायीच त्याला हा शाप मिळालेला, पण ते तिला आठवत नाही. आणि जिवंत माणसावर जीव जडला तर नावाडी हळूहळू नाहीसा होणार, अशी अट. जीव जडतो, हे सांगायला नकोच.

हिंदीत डब केलेल्या त्या बोलण्यातलं मावशीला निम्मं कळायचं, पण मतं पूर्ण असायची. मागचा जन्म तिनं पहिल्याच आठवड्यात निकालात काढला. "आपल्याला एकदाच हाय. परत परत कुटं जन्मायचं?" आई म्हणाली, "त्यांचा हाय मागचा जन्म. तुला कोन घे म्हनतंय?" मग मावशी छत्रीवाल्या मुलीवर घसरली. ती मुलगी दर पावसात भिजायची आणि लगेच तापानं फणफणायची. "घरात ढिगानं छत्र्या पडल्यात हिच्या, आन भाईर पडताना एक घेत न्हाई. असली पोरगी मला सून म्हनून नगं." नावाड्याचे कपाळावर आलेले केस तिला सोसायचे नाहीत. एकमेकांचा हात धरायला ती दोघं इतके भाग घालवतात, एवढ्या वेळात आमच्याकडे पोरं शाळेत जायला लागतात, हेही तिनं ऐकवलं होतं. सगळ्यात जास्त राग मात्र तिला तिथल्या मेलेल्यांचा यायचा. ते फार चांगले दिसायचे. "व्हटाला लाली बघ. आन हनवटी बांधली न्हाई कुनी. ताठल्यावर तोंड उघडंच ऱ्हाईल की मानसाचं." आई म्हणायची, "एस्तेर, खेळ हाय गं त्यो."

आवडायची एकच गोष्ट. नावाडी मेलेल्याला नावेत घेण्याआधी कमरेत वाकून त्याचं नाव घ्यायचा, आणि मग एकेक सांगायचा. आता पाय उचला. आता इथं टेका. आता नाव हलेल, घाबरू नका. हे आलं की मावशी कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "हे मातर बराबर हाय."

बरोबर वाटायचं कारण ते तिचंच होतं. एस्तेरमावशी आमच्या चर्चच्या मंडळीत मयताला आंघोळ घालायची. तिला कुणी नेमलं नव्हतं. सासू करायची, तिच्याबरोबर जाता जाता ही शिकली, आणि सासूलाही हिनंच घातली. आमच्याकडे शवपेटी बंद होण्याआधी माणूस स्वच्छ धुऊन, केस विंचरून, चांगले कपडे घालून निजवतात. कुणी गेलं की चर्चच्या पाळकांच्या आधी मावशीला निरोप जायचा. बायकांचं ती करायचीच, पण ज्याला कुणी नाही अशा बाप्याचंही करायची. तिची पद्धत अशी होती की सांगितल्याशिवाय ती हात लावायची नाही. "सुमनबाई, आता तोंडावरनं पानी फिरवते." "शांतवनराव, उजवा हात द्या." मेलेल्या माणसाला ती कधी अरेतुरे करायची नाही. हयातीत जिच्याशी नळावर कडाकडा भांडली, तिलाही मेल्यावर अहोजाहो. लहान मूल असलं तरी "बाळासाहेब" म्हणायची. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आता त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई, म्हनून आपुन इचारायचं."

आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका वारल्या तेव्हा मी तिच्याबरोबर होते. बाईंच्या दोन मुली मयताशेजारी भांडायला लागल्या. थोरलीला लग्नातला शालू नेसवायचा होता, धाकटीला आई रोज नेसायची तसलं सुती पातळ. मावशीनं दोन्ही वस्त्रं हातांत घेतली, बाईंच्या कानाशी वाकली आणि विचारलं, "बाई, कंचं नेसवू?" आणि थांबली. इतका वेळ थांबली की खोलीतला माणूस न् माणूस गप्प झाला. मुलींनी माना खाली घातल्या. मग मावशी सरळ झाली आणि म्हणाली, "सुतीच म्हनत्यात." परतताना मी विचारलं, मावशी, तुला खरंच काही कळतं का गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. "मास्तरीन हायेस ना तू? मला काय ऐकू येतंय व्हय? पोरींना गप करायचं हुतं."

तिचा नवरा, दाऊदकाका, साखर कारखान्यात फिटर होता. आडदांड, बोलायला कमी, रविवारच्या भक्तीला इस्त्रीचे कपडे घालून येणारा. मावशी त्याला आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात जेवायला हाक मारायची: "आवो, चला." कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला श्वास लागला म्हणून नगरला नेलं. तिथंच तो गेला आणि तिथंच त्याला पुरलं. त्या दिवसांत मयत घरच्यांच्या हाती देत नसत. आवरणात गुंडाळून, अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं नेऊन खाली सोडत आणि माती लोटत. सगळ्यांचंच तसं झालं, त्यात कुणाला बोल लावणार. पण सगळ्या मंडळीची माणसं जिनं धुऊन पाठवली, तिच्या स्वतःच्या माणसाला कुणी एक तांब्या पाणी घातलं नाही. मावशी श्रीरामपूरला परत आली ती वेगळीच. रडलीबिडली नाही. पुढच्या मयताचा निरोप आला तेव्हा तिनं दारातूनच सांगितलं, "न्हाई जमायचं." त्यानंतर ती कुणाच्याच घरी गेली नाही. मंडळीतल्या दोन तरुण सुना ते काम करायला लागल्या. हातमोजे घालायच्या, पटपट उरकायच्या. चांगल्या मुली होत्या त्या.

आमच्या आईला ते मान्य नव्हतं. एक दिवस मालिका चालू असतानाच, टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, "एस्तेर, माजं तूच कर."

मावशी म्हणाली, "न्हाई."

"का न्हाई?"

"ज्या हातानी ह्यांचं झालं न्हाई, त्या हातानी आता कुनाचंच न्हाई करायचं."

"त्या पोरी गप्प गप्प करत्यात गं," आई म्हणाली. "मला न सांगता कुनी हात लावल्याला आवडत न्हाई. तुला ठावं हाय." मी चहाचे कप उचलायचं निमित्त करून आत गेले, कारण आईच्या आवाजात मी कधी न ऐकलेली भीती होती. मरणाला ती भीत नव्हती. परक्यासारखं हाताळलं जाण्याला भीत होती.

हे बोलणं मग अधूनमधून व्हायचं. आई विनवायची, मावशी नाही म्हणायची, आणि पुन्हा दोघी नावाड्याकडे वळायच्या. इकडे नावाड्याची बोटं पुसट व्हायला लागली होती. मावशीला ते आवडलं नव्हतं. "हे काय, आजारी पडायचं न्हाई, निजायचं न्हाई, नुसतं पुसत जायाचं?"

शेवटून दुसऱ्या भागात तो नाहीसा झाला. नदीकाठी बर्फ पडत होता, मुलगी धावत आली, तिनं त्याला मिठी मारली, आणि तो कणाकणानं विरून गेला. हातात राहिला तो काळा कोट. मुलगी तो कोट उराशी धरून ओरडून ओरडून रडायला लागली. आईनं डोळ्याला पदर लावला. खरं सांगायचं तर मलाही गलबललं. मावशी ताडकन उठली.

"कोट काय कवटाळती? कोन हाय त्यात?"

"बस की गं," आई म्हणाली.

"बंद कर ते. मानूस असा जातो व्हय? हात न्हाई, पाय न्हाई, कायच न्हाई. मानसाला आंगुळ घालावी लागती. त्याचं नख काढावं लागतं. हिनं बघितलं तरी का त्यो मेल्याला?" तिचा आवाज चढत चालला होता. "म्या बी आसाच कोट घिऊन हुबी हुते नगरला. लग्नातला कोट, कडक इस्त्री करून. फाटकाच्या भाईर. म्हनलं, एवढा तरी घाला त्यांच्या अंगात. आतला मानूस लांबूनच हात हलवून न्हाई म्हनला. त्या गुंडाळल्याल्यात कोन हुतं, मला काय ठावं? म्या कुटं बघितलं?"

आईनं रिमोट दाबला. मावशी चपला न घालताच घरी गेली. नंतर मी त्या नेऊन दिल्या, तर तिनं त्या घेतल्या आणि दार लोटलं.

त्यानंतर चारला "सलाम" ऐकू येईना. शेवटचा एक भाग उरला होता. आईनं काही दिवस वाट पाहिली आणि मग एकटीनंच तो पाहिला. मी शाळेत होते. घरी आले तर चेहरा उजळलेला. "एस्तेरला बोलव," म्हणाली, "शेवट चांगला हाय." मी भिंतीपलीकडे जाऊन निरोप दिला. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टीव्हीवर चांगलाच आसनार." आईनं पुन्हा दोनतीनदा बोलावलं. माझ्यामार्फत, दूधवाल्यामार्फत, एकदा खिडकीतून स्वतः. मावशी तब्येत विचारायला दारापर्यंत यायची, आत बसायची नाही. मालिकेचं नाव निघालं की काम आठवायचं. मला दोघींचा राग यायचा. एकीला आपला शेवट ठरवून हवा होता आणि दुसरीला कुठलाच शेवट बघायचा नव्हता.

आई गेली ती सकाळची न्याहारी झाल्यावर, खुर्चीत. मी डबा भरत होते. हाक मारली, ओ आली नाही. डॉक्टर येऊन गेले, पाळकांना फोन झाला, आणि तासाभरात त्या दोघी सुना आल्या आणि न सांगता पाण्याचं पातेलं चढवून कामाला लागल्या. मी मावशीच्या दारात गेले. म्हटलं, "मावशी, आई गेली." तिच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं, हात धुतले, आणि माझ्याबरोबर आली. मी तिला काही विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. आमच्या मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन ती थांबली, भेटायला आलेल्या इतर बायकांसारखी, पदर तोंडाशी धरून.

आईला सतरंजीवर निजवलं होतं. एका सुनेनं पाण्यात हात घालून पाहिला आणि आईचा हात मनगटाशी धरून वर उचलला.

"सांगून उचला," उंबऱ्यावरून मावशी म्हणाली.

सुनेला कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हात धरायच्या आदी तिला सांगा. तिला आवडत न्हाई तसलं."

ती मुलगी गोंधळली. आईचा हात तिनं हळूच खाली ठेवला आणि ओठ हलवले, पण काय बोलायचं ते तिला सुचेना. मेलेल्या माणसाशी काय बोलणार. मग मावशी आत आली. पदर कमरेला खोचला, गुडघ्यावर हात देत खाली बसली आणि म्हणाली, "सर जरा बाजूला, बाई."

जन्मभर ती आईला "रत्ने" म्हणत आली होती. आता म्हणाली, "रत्नाबाई, पानी घेतलंय. ऊन हाय, भाजायचं न्हाई." तोंड धुतलं. मान धुतली. "उजवा हात द्या." बोटं एकेक करून उघडली, नखं साफ केली. आवाज तोच, जुना, कामाचा. मी भिंतीला टेकून उभी होते आणि आईसाठी मला इतकं बरं वाटत होतं की रडू येत नव्हतं.

उजवी बाजू झाली. मावशी सरकून पलीकडे गेली, तांब्या भरून घेतला आणि म्हणाली, "आवो, डावा हात द्या."

मी चमकून पाहिलं. तिचं तिला काही जाणवलं नव्हतं, किंवा जाणवलं असेल. तिनं आईचा डावा हात ओंजळीत घेतला, खांद्यापासून खाली पाणी सोडलं. "आवो, जरा कुशीवर व्हा. पाठ ऱ्हायली." एक सून तिला सांगायला पुढं झाली. मी मानेनंच नको म्हटलं. मावशी पाठ चोळत होती आणि बोलत होती, आळीभर ऐकू जाणारा तो आवाज आता अगदी खाली आणून. "नगरला येकटं ऱ्हावं लागलं तुमाला. म्या भाईरच हुते. फाटकाशी हुते सारा दीस, कुटं गेले न्हाई. आत सोडलं न्हाई मला. तुमी म्हनला आसाल, ही आली न्हाई. म्या आल्ते." तिनं पाय धुतले, तळव्यांना हात फिरवला. "कोट आनला हुता. न्हाई घालू दिला." हात चालूच होते. सुना मूकपणे पाणी देत होत्या, आणि त्यातली धाकटी रडत होती.

अंग पुसून झालं. मावशीनं आईचे केस मोकळे केले, फणी घेतली आणि पुन्हा कानाशी वाकली. "रत्नाबाई, येनी घालू का आंबाडा?" थोडी थांबली. आंबाडा घातला.

दुपारी माती झाली. गीतं झाली, प्रार्थना झाली, लोक पांगले. दिवेलागणीला घरात मी आणि मावशी उरलो. पुढच्या खोलीत टीव्हीसमोर ती आपल्या नेहमीच्या जागी बसली होती. मी चहा दिला. निम्मा चहा झाल्यावर तिनं विचारलं, "सरोज, त्यो नावाडी शेवटाला परत येतो का गं?"

भाचीनं फोनवर मला सांगितलं होतं. म्हटलं, "येतो. खूप वर्षांनी. जिवंत माणूस होऊन त्या मुलीच्या दुकानात छत्री दुरुस्त करायला येतो."

"रत्नानं बघितलं?"

"बघितलं. तिला फार आवडलं."

"तिला आवडनारच. ती तसलीच." मावशी थोडं हसली. मग कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मला न्हाई बघायचा. म्या बी लई वाट बघितली. वाटायचं, चुकून दुसऱ्याच कुनाला पुरलं आसंल. वाटायचं, येतील. आज आंगुळ झाली त्यांची. आता येऊ नये त्यांनी."

मी तिचा हात धरला. जन्मभर पाण्यात काम करून तो खरखरीत झाला होता. ती उठली, कप विसळून ठेवला, उद्या भाकरी आणून देते म्हणाली, आणि गेली. पुढच्याच आठवड्यात मी शाळेत असताना तिची मुलगी येऊन तिला नगरजवळच्या नागापूरला घेऊन गेली. जावई तिथं एमआयडीसीत कामाला होता. मग आमचं फोनवर बोलणं व्हायचं तेवढंच. तिथल्या मंडळीतही कुणी गेलं की लोक तिला न्यायला येतात, असं एकदा कौतुकानं सांगत होती. तिथंच ती वारली, त्याला आता वर्ष होत आलं.

त्या संध्याकाळी मात्र मी दारात उभी राहून तिला घरात जाताना पाहत होते. दाऊदकाका गेल्यापासून ती रात्रीसुद्धा दार नुसतं लोटून निजायची. आळीतल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं, मीही भांडले होते, ऐकायची नाही. ती आत गेली, दिवा लावला, दार लोटलं. आणि मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.